घर तापते कसे, निवते कसे

विषय घरगुती आहे. वार्षिकांकात कथा-कवितांच्या शेजारी कोणी घराच्या छपराविषयी आणि खिडक्यांविषयी लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. शिवाय हा विषय विज्ञानशाखेचा, कलाशाखेच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे, असेही कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर एवढेच की, मी भूगोलाचा विद्यार्थी आहे आणि आमच्या घरात गेली सहा वर्षे याच विषयावरून वाद चालू आहे. वादाच्या एका टोकाला माझे वडील, दुसऱ्या टोकाला आजी, आणि मध्ये विजेचे बिल.

आमचे गाव अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात आहे. रात्री गच्चीवर उभे राहिले की पारसच्या औष्णिक वीज केंद्राचे दिवे दिसतात. गावातील जुनी घरे धाब्याची. पांढऱ्या मातीच्या दीड-दीड हात जाडीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर फळ्या व काटक्यांचा थर आणि त्यावर पुन्हा हातभर पांढरी माती. आमचेही घर तसेच होते. २०१९ साली बाबांनी त्याचा पुढचा भाग पाडून विटा-सिमेंटच्या दोन खोल्या बांधल्या. मागची एक कोठडी तेवढी, पैसे संपले म्हणून, उभी राहिली. नवे घर दिसावयास देखणे झाले. गुळगुळीत फरशी, पश्चिमेस मोठी काचेची खिडकी, वर स्लॅब. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने त्या खिडकीची तारीफ केली. मग उन्हाळा आला.

पहिल्याच मे महिन्यात आजीने आपली वळकटी उचलली आणि ती मागच्या कोठडीत जाऊन झोपू लागली. बाबांना ते लागले. एवढा खर्च करून घर बांधावे आणि आईने पडक्या कोठडीत निजावे, लोक काय म्हणतील? आजीचे म्हणणे सरळ होते. ती म्हणाली, "हे घर व्हय का तवा व्हय रे बाप्पा? उन्हाया दिवसा येते अन् रातभर मुक्काम करते." बाबांनी यावर उपाय ठरविला तो वातानुकूलन यंत्राचा. दुकानदाराने खोली न पाहताच दीड टनाचे यंत्र लागेल असे सांगितले. आईने फक्त बिलाचा प्रश्न विचारला आणि विषय दर उन्हाळ्यात तेथेच थांबू लागला.

२०२३ च्या मे महिन्यात मी सरांच्या परवानगीने भूगोल विभागातील ओला-कोरडा तापमापक चार दिवसांसाठी घरी नेला. हे उपकरण आपण सर्वांनी प्रात्यक्षिकाच्या वहीत काढलेले असते, त्याचा घरी उपयोग करावा असे मात्र कोणास सुचत नाही. दोन तापमापक शेजारी असतात, त्यांपैकी एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळलेले असते. हवा जितकी कोरडी तितके फडक्यातील पाणी वेगाने उडते आणि तितका तो फुगा निवतो. दोहोंच्या आकड्यांतील फरकावरून हवेतील दमटपणा काढता येतो. त्या चार दिवसांतील एका दिवसाचे आकडे देतो. दुपारी तीन वाजता अंगणातील सावलीत ४३ अंश, नव्या खोलीत ३९, मागच्या कोठडीत ३४. रात्री अकरा वाजता अंगणात ३३, कोठडीत ३४ आणि नव्या खोलीत ३८. शेवटचा आकडा मी दोनदा पाहिला. अंगणापेक्षा घर पाच अंशांनी अधिक तापलेले होते, तेही सूर्य मावळून चार तास झाल्यावर. आजीने 'रातभर मुक्काम' म्हटले ते अक्षरशः खरे होते.

याचे कारण समजण्यासाठी प्रथम सूर्य कोठे असतो ते पाहावे. आपला जिल्हा साडेवीस ते एकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन खाते ते छप्पर. त्याखालोखाल पूर्वेची व पश्चिमेची भिंत, कारण सकाळी आणि सायंकाळी किरण त्यांवर समोरून पडतात. दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात फारसे ऊन लागतच नाही. ते लागते थंडीत, जेव्हा सूर्य मध्यान्हीही सुमारे ४६ अंशांवरच असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून आत डोकावतो. ते ऊन आपल्याला हवेच असते. तेव्हा दक्षिणेस खिडकी आणि तिच्यावर छज्जा ही व्यवस्था फुकटात थंडीत ऊब व उन्हाळ्यात सावली देते. आमच्या ठेकेदाराने मोठी खिडकी ठेवली पश्चिमेस, आणि छज्जा ठेवलाच नाही. रस्ता पश्चिमेस आहे, खिडकी रस्त्यावरून दिसली पाहिजे, एवढाच त्यामागील विचार.

छपरावर किती ऊन पडते? निरभ्र दुपारी दर चौरस मीटरला सुमारे एक हजार वॉट. आमची खोली दहा बाय बारा फुटांची, म्हणजे अकरा चौरस मीटर. तिच्या डोक्यावर दुपारी दहा-अकरा हजार वॉट उष्णता बरसत असते, म्हणजे दहा-अकरा इस्त्र्या एकदम तापत ठेवाव्यात तशी. ती सगळी आत येत नाही. काही परावर्तित होते, काही वाऱ्याबरोबर जाते. पण जुन्या काळवंडलेल्या सिमेंटच्या पृष्ठभागावरून जेमतेम तिसरा हिस्सा ऊन परत फिरते, उरलेले तो पिऊन टाकतो. आणि काँक्रीटमधून उष्णता मातीच्या मानाने सुमारे दुपटीने सहज वाहते. चार-पाच इंची स्लॅबच्या वरच्या बाजूस दुपारी लागलेली धग खालच्या बाजूस पोहोचावयास तीन-चार तास लागतात. दुपारी एकची उष्णता सायंकाळी पाचला छतातून उतरते आणि मध्यरात्रीपर्यंत उतरतच राहते. वर पंखा लावला तर तो हीच तापलेली हवा खाली ढकलतो. दीड हात मातीच्या भिंतीतून तोच प्रवास व्हावयास बारा तासांहून अधिक लागतात. दुपारची लाट भिंतीच्या पोटात असतानाच रात्र होते आणि ती आत पोहोचण्यापूर्वीच पुष्कळशी परत फिरते.

आमच्या विभागाची सहल सेवाग्रामला गेली होती तेव्हा बापू कुटीत मी याच दृष्टीने भिंती पाहिल्या. माती, बांबू, वर कवेलू आणि ओसरीवर खूप खाली आलेले छप्पर. भिंतीला ऊन लागूच द्यावयाचे नाही ही त्यातील युक्ती आहे. घराचे साहित्य पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, ही गांधीजींची कल्पना लॉरी बेकर या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने पुढे आयुष्यभर केरळात राबविली. बेकर १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मले आणि २००७ साली तिरुवनंतपुरम येथे वारले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून भिंतीत मध्ये पोकळी सोडण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. त्यात विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतील कोंडलेली हवा उष्णता अडविते. आमच्याकडे कोणा गवंड्याला हे सांगितले तर तो भिंत पोकळ ठेवली म्हणून आपल्यालाच नावे ठेवील, ही गोष्ट वेगळी.

आजीच्या कोठडीकडे परत येतो. भिंतींच्या जाडीइतकेच महत्त्व तिच्या दिनक्रमाला आहे, हे मला चार दिवस तापमापक घेऊन बसल्यावर कळले. सकाळी आठाच्या सुमारास ती दार व झरोके लावून घेते. दिवे लागणीला अंगणात सडा टाकते, दार उघडते आणि ते पहाटेपर्यंत उघडे असते. नव्या घरात आम्ही याच्या नेमके उलट करीत होतो. दिवसा 'वारा येऊ दे' म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवून ४३ अंशांची हवा आत घेत होतो आणि रात्री बाहेर ३३ अंश झाले की डासांच्या भयाने सगळे बंद करून निजत होतो. वारा अंगाला लागला म्हणजे बरे वाटते हे खरे, पण हवा शरीराच्या तापमानाहून पुष्कळ अधिक तापली की तीच झळ होते. खिडक्यांना जाळ्या बसवून दिवसा बंद आणि रात्री उघडे हा क्रम आम्ही सुरू केला. त्याला खर्च आला तो जाळ्यांचा.

२०२४ च्या मार्चमध्ये मी व माझा चुलत भाऊ स्लॅबवर चढलो आणि तो झाडून, धुऊन त्यावर चुन्याचे दोन हात दिले. चुना पावसात धुऊन जाऊ नये म्हणून त्यात थोडा डिंक कालविला. ताजा पांढरा चुना तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक ऊन परत फेकतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूचा तट्टा टांगला. बाहेरून हा शब्द महत्त्वाचा. आतल्या पडद्याने उजेड अडतो, उष्णता अडत नाही, कारण ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडले म्हणजे ते घरात आलेच. त्या मे महिन्यात बाहेर ४३ अंश असलेल्या एका दुपारी खोलीत ३६ भरले, आदल्या वर्षीपेक्षा तीनने कमी. दोन वर्षांतील दोन दिवसांची ही तुलना आहे, वारा व दमटपणा सारखाच होता असे मी म्हणत नाही. पण रात्री छताला हात लावून पाहिला तर चटका बसत नव्हता, याला तापमापकाची गरज नव्हती. आमच्या गल्लीच्या टोकाला शेतमजुरांची टिनाची घरे आहेत. टिनाला कसलाही विलंब माहीत नाही, ऊन पडले की पाच मिनिटांत ते खाली उतरते. पूर्वी लोक त्यावर पऱ्हाट्या व तुराट्या पसरीत. सावली उत्तम होते, पण ठिणगी पडली तर घर जाते. चुना मात्र टिनावरही चालतो. आमचा उरलेला चुना तेथे दोन घरांवर गेला.

आता कूलरविषयी. आमच्या वऱ्हाडात कूलर नाही असे घर शोधावे लागेल, पण तो कशाने गार करतो हे विचारले तर बहुतेक जण 'पाण्याने' एवढेच सांगतात. पाणी गार असते म्हणून नव्हे, ते उडते म्हणून. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी चहासाठी उकळी येईपर्यंत तापविण्यास लागते त्याच्या ती सातपटींहून अधिक आहे. कूलरच्या ताटीतून जाणारी कोरडी हवा ही उष्णता स्वतःतून देते आणि गार होते. म्हणून टाकीत बर्फ घालण्याने फारसे साधत नाही. माठाचे, ओल्या पंचाचे आणि घामाचे तत्त्व हेच. वाळ्याच्या ताट्या दारात लावून त्यांवर पाणी मारण्याची पद्धत पुष्कळ जुनी. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबांनी त्याला लाकडी खोके व हाताने फिरविण्याचा पंखा जोडून 'थर्मँटिडोट' असे भारदस्त नाव दिले होते. आजचा कूलर हा त्याचाच नातू. फरक एवढाच, की पंखा फिरविणारा माणूस गेला आणि मोटार आली.

कूलरने हवा किती गार होणार, हे ओल्या तापमापकावरून आधीच सांगता येते, आणि मला या सबंध विषयात सर्वांत मौज वाटली ती याची. त्या मे महिन्यात कोरडा तापमापक ४३ दाखवीत असताना ओला जेमतेम २३ दाखवीत होता. कूलरची हवा ओल्या तापमापकाच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. चांगली ताटी असली तर मधल्या अंतराचे तीन-चतुर्थांश किंवा थोडे अधिक अंतर ती कापते. म्हणजे हवा २७-२८ अंशांची मिळावयास हवी, आणि आमच्या कूलरच्या तोंडाशी तापमापक धरला तेव्हा २८ मिळाले. आता जुलै घ्या. कोरडा ३२, ओला २८ किंवा २९. कापावयास अंतरच उरत नाही. कूलर तेव्हा फक्त घाम न वाळणारी ओली हवा देतो. मुंबईच्या आमच्या नातेवाइकांनी येथील कूलर पाहून तिकडे एक नेला आणि वर्षभरात भंगारात काढला, त्याचे कारण हेच. अकोल्याचे यंत्र दादरला चालत नाही, यात यंत्राचा दोष नाही.

आमच्या घरी कूलर होताच, पण खोलीच्या आत स्टुलावर ठेवलेला आणि दारे-खिडक्या बंद. 'गार हवा बाहेर जाईल' ही आईची भीती. त्यामुळे तासाभरात खोलीतील हवा ओलीचिंब होई, ओल्या-कोरड्या आकड्यांतील अंतर मिटत जाई आणि कूलर नुसता पंखा होई. कूलरला बाहेरची कोरडी हवा सतत हवी, आणि आत आलेल्या हवेला पलीकडून निघून जाण्यास वाट हवी. आम्ही तो उत्तरेच्या खिडकीत बाहेरून बसविला आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली. आईला हे दोन दिवस पटले नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच ती उघडली.

कूलरची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. आमच्या मापाने तो तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो. आमच्याकडे मे महिन्यात नळ चार-चार दिवसांनी येतो, तेव्हा रात्रभराचे साठ-सत्तर लिटर ही लहान गोष्ट नाही. आजी त्यावर नेहमी बोट ठेवते, आणि तिच्याशी वाद घालण्याची मला हिंमत होत नाही. आणखी दोन धोके. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून ती घासून वाळवली नाही तर डेंगीचे डास तेथेच वाढतात. आणि पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल तर ओल्या हाताने पाणी भरताना माणूस चिकटतो. विदर्भात दर उन्हाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावावयाचा नाही, हा आमच्या घरचा एकमेव नियम आहे ज्यावर बाबांचे व आजीचे एकमत आहे.

वातानुकूलन यंत्राची गोष्ट वेगळी. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी असे पहिले यंत्र आखले, ते माणसांसाठी नव्हे, दमट हवेने कागद फुगून रंगांची छपाई सरकू नये म्हणून. हवेतील ओल काढणे हे त्याचे मूळचेच काम आणि तेच कूलरला जमत नाही. 'टन' हे त्याचे माप बर्फावरून आले. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषील तितकी काढून नेणारे यंत्र एक टनाचे, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वॉट. ते उष्णता नष्ट करीत नाही, आतून उचलून बाहेर टाकते, आणि आत-बाहेर जितके अंतर तितकी त्याला मेहनत अधिक. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात ही यंत्रे सुरू होतानाच २४ अंशांवर असावीत असा नियम आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एकेक अंश वर नेला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. यंत्रावरील तारे हेही त्याच ब्युरोचे. छताच्या पंख्यांनाही ते २०२३ च्या आरंभापासून सक्तीचे झाले. जुना पंखा ७५ वॉट खातो, नव्या धर्तीचा तीस-पस्तीस. आमचा कूलर रात्रभरात दीड-दोन युनिट घेतो. आमच्या मे महिन्यात दीड टनी यंत्र दहा-बारा घेईल. आणि कोळशाच्या केंद्रात एक युनिट वीज निघते तेव्हा दोन युनिटांइतकी उष्णता वाया जाते. पारसची चिमणी रोज दिसत असल्याने हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

येथवर वाचून कोणास वाटेल की, मी जुन्या घरांची आरती ओवाळीत आहे. तसे नाही. त्या कोठडीची दुसरी बाजू माझ्या आजीच्या छातीत आहे.

आजी पंधराव्या वर्षी या घरात आली आणि साठ वर्षे चुलीपुढे बसली. गॅस आल्यावरही भाकरी चुलीवरची आणि आंघोळीचे पाणी चुलीवरचे. मागची कोठडी हेच तेव्हाचे स्वयंपाकघर. वर एक वीतभर धुराडे, भिंतीत दोन झरोके, बस्स. जे घर ऊन आत येऊ देत नव्हते तेच धूर बाहेर जाऊ देत नव्हते. २०२२ च्या थंडीत तिला जिना चढता येईना. डॉक्टरांनी फुंकून पाहण्याची तपासणी केली आणि विचारले, "आजी, विडी किती वर्षं ओढता?" आजीला राग आला. तिने उभ्या आयुष्यात विडी ओढली नाही. श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत, औषधाने आराम पडेल पण गेलेले परत येणार नाही, असे डॉक्टरांनी आम्हांला बाहेर सांगितले.

मग मी वाचू लागलो. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मापनयंत्रे बसवून त्यांच्या श्वासातील धूर मोजला आणि १९८३ साली ते आकडे प्रसिद्ध केले. तोवर हवेचे प्रदूषण म्हणजे कारखाने आणि मोटारी असेच जग समजत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मर्यादेनुसार अतिसूक्ष्म कण वर्षाच्या सरासरीने घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. आपली राष्ट्रीय मर्यादा ४० आहे. चुलीपुढे तो आकडा शेकड्यांत, कधी हजारांत जातो. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली असा याच संघटनेचा अंदाज आहे. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने धूर बाहेर नेणारी मगन चूल काढली होती. केंद्र सरकारची सुधारित चुलींची योजना १९८३ च्या सुमारास सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. २०१६ साली उज्ज्वला योजना आली. आमच्या गावात अनेकांकडे त्या योजनेची शेगडी आहे आणि शेजारी चूलही आहे, कारण सिलिंडर भरून आणणे हा दर वेळचा खर्च आणि पऱ्हाट्या शेतात फुकट. चुलीवरची भाकरी गोड लागते हे मीही म्हणतो. ती थापणाऱ्याच्या बाजूने मात्र मी कधी विचार केला नव्हता.

आणि नवी घरेही या दोषातून सुटलेली नाहीत, फक्त धूर बदलला आहे. भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र बाहेरची हवा आत घेते असा पुष्कळांचा समज आहे. ते घेत नाही, तीच हवा फिरवते. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत आज सुमारे सव्वाचारशे भाग कर्बवायू आहे. बंद खोलीत तिघे-चौघे निजले तर पहाटेपर्यंत तो दोन हजारांच्या वर सहज जातो आणि सकाळी डोके जड असते. त्याच खोलीत आपण डासांची अगरबत्ती लावतो. चिनी व मलेशियन अगरबत्त्यांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, एका अगरबत्तीतून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात. हे मी बाबांना वाचून दाखविले. बाबा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी बाजारातून मच्छरदाण्या आणल्या.

हिवाळ्यातील एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२३ च्या डिसेंबरात ताई बाळंतपणास आली. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या फटीसुद्धा बुजवून बंद करतात, खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवतात आणि ओवा-शेपांची धुरी देतात. ऊब हवी यात वाद नाही. नवजात बाळाला थंडी सोसत नाही आणि त्या आठवड्यात पहाटेचा पारा दहा अंशांवर होता. पण कोंडलेल्या जागी कोळसा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने धरतो. माणूस झोपेतच जातो. मी हे बोललो तेव्हा घरात मोठाच गोंधळ झाला. आत्याने मला 'चार बुकं शिकला' म्हणून झाडले. शेवटी आजीनेच निकाल दिला. धापा टाकीत ती म्हणाली, "माह्या छातीत गेला थो धूर लेकराच्या छातीत नोको." शेगडी बाहेर गेली. ताईची खाट दक्षिणेच्या खोलीत हलविली, जेथे दिवसभर ऊन येते. रात्री गोधड्या, बाळाला टोपी-मोजे आणि वरचा झरोका चार बोटे उघडा. शेक देण्यासाठी निखारे अंगणात करून गरम वाळूची पुरचुंडी आत नेली. त्या खोलीत आम्ही नव्याने काहीही विकत आणले नव्हते.

बाबांनी शेवटी २०२५ च्या एप्रिलमध्ये यंत्र आणलेच, आणि मी विरोध केला नाही. आजीला आता झळ सोसत नाही आणि कूलरच्या ओल्या हवेने जुलैत तिचा दम वाढतो, असे डॉक्टरांनीच सांगितले. मात्र चुना, तट्टा आणि जाळ्या झालेल्या खोलीला दीड टन लागत नाही. एक टनाचे, पाच ताऱ्यांचे घेतले, २७ वर लावतो आणि सोबत पंखा संथ ठेवतो. झोपण्यापूर्वी पाव तास सगळ्या खिडक्या उघडतो. आजी तेवढ्याने समाधानी नाही. मध्यरात्री उठून ती दार उघडते, बाबा उठून ते लावतात, असे दोन-तीनदा होते. मागच्या कोठडीतील चूल निघाली, धुराड्याच्या जागी आता मोठा झरोका आहे आणि तेथे कांदे साठवितो. फार चांगले टिकतात.

यंदा चुन्याचा हात फेब्रुवारीतच द्यावयाचा आहे. गेल्या वर्षी परीक्षेमुळे उशीर झाला, एप्रिल उजाडला आणि सकाळी नऊ वाजता स्लॅबवर अनवाणी पाय ठेववेना.